तोंडची गाडी, कागदावरची गाडी आणि उभी गाडी

(इटारसी येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त अभ्यासवर्गात रेल्वे युनियनच्या शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

सकाळपासून आपण पेन्शनवर बोललो, बदल्यांवर बोललो. जेवणानंतर मला दिलेला विषय ऐकून मागच्या रांगेतले काही जण हसले, ते मी पाहिलं. युनियनचा सचिव आणि जुन्या मोटारीवर भाषण! पण मी आपल्या पतपेढीच्या कर्ज समितीवर बसतो. पूर्वी कर्जाचे अर्ज यायचे ते मुलीच्या लग्नासाठी, घराच्या छपरासाठी, आजारपणासाठी. आता त्यात जुनी मोटार घेण्यासाठीचे अर्जही येतात. मोटारीसाठी सरकारकडून मिळणारा अॅडव्हान्स सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ साली बंद झाला. म्हणजे आता मोटार घ्यायची तर पतपेढीचं कर्ज, नाहीतर पीएफमधून काढलेले पैसे. ते बुडाले तर आपल्या घामाचे बुडाले. म्हणून हा विषय युनियनचाच आहे.

मी इंजिनियर नाही. मॅट्रिक झालो आणि कॅरेज अँड वॅगनमध्ये खलाशी म्हणून लागलो. हातात हातोडी आणि टॉर्च घेऊन रेक तपासण्यात माझी हयात गेली. ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर सह्या झाल्याशिवाय मालगाडी यार्डाबाहेर जात नाही, हे मी नव्या पोरांना शिकवत आलो. तो मीच मोटार घेताना रंग बघून फसलो. कसा फसलो ते आधी सांगतो.

माझी चूक

२०२१ सालची गोष्ट. करोनामुळे पॅसेंजर गाड्या पूर्ववत झाल्या नव्हत्या आणि आमच्या सौ.ना उपचारासाठी दर पंधरा दिवसांनी भोपाळला न्यावं लागायचं. एका मोठ्या शहरात जुन्या गाड्यांचं दुकान होतं, तिथे गेलो. दुकानाचं नाव मी इथे घेणार नाही, कारण माझ्याकडे लेखी पुरावा नाही आणि ते का नाही हेच आजचं भाषण आहे. डीलर म्हणाला, "साहेब, २०१८ चं मॉडेल, १२०० सीसीचं इंजिन, वरचं व्हेरियंट, दोन एअरबॅग, एकच मालक." मागच्या दारावर व्हेरियंटचं चकचकीत अक्षर होतं. डॅशबोर्डवर एअरबॅग असं लिहिलेलं होतं. मी दोन चकरा मारल्या, एसी लावून बघितला, हॉर्न वाजवला, आणि ३ लाख ६० हजार मोजले. दोन लाख पतपेढीचे, बाकीचे पीएफचे.

सात-आठ महिने गाडी ठीक चालली. मग पावसाळ्यात बुधनीच्या घाटात पुढच्या ट्रकने एकदम ब्रेक मारला आणि आमची गाडी त्याच्यावर गेली. पट्टे लावलेले होते म्हणून जीव वाचले. सौ.चं मनगट मोडलं, पुढचे दोन दात गेले. गॅरेजमध्ये मिस्त्रीला मी विचारलं, एअरबॅग उघडली का नाही? त्याने डॅशबोर्डचं झाकण काढून दाखवलं. आत पोकळी. तो म्हणाला, "उघडणार कशी काका? आहेच कुठे?"

वरचं अक्षर चिकटवलेलं होतं. गाडी सगळ्यात खालच्या व्हेरियंटची होती. इंजिन ९९८ सीसीचं. रजिस्ट्रेशन जानेवारी २०१८ चं खरं, पण गाडी बनलेली मार्च २०१७ ची. आणि मित्रहो, यातल्या तीन गोष्टींपैकी दोन माझ्या खिशातल्या आरसी कार्डावर छापलेल्या होत्या. सात-आठ महिने कार्ड खिशात घेऊन फिरलो, वाचलं नाही.

एअरबॅग असती तर सौ.ना काहीच झालं नसतं, असं मी म्हणत नाही. ते डॉक्टरही सांगू शकला नाही. पण मी तिला "यात दोन एअरबॅग आहेत, काळजी करू नको" असं सांगून त्या सीटवर बसवलं होतं. ते वाक्य माझं होतं, डीलरचं नव्हतं. ते मला अजून टोचतं.

तीन गाड्या जुळवा

तेव्हापासून मी एक हिशेब धरला आहे. जुनी गाडी घेताना आपल्यासमोर एक गाडी नसते, तीन असतात. एक तोंडची गाडी, डीलर सांगतो ती. दुसरी कागदावरची, आरसीवर आणि विम्यावर असते ती. तिसरी प्रत्यक्ष उभी असलेली. या तिन्ही एकच आहेत अशी खात्री झाली तरच पैशाला हात घालायचा. आता क्रमाने सांगतो. ज्यांच्याकडे वही आहे त्यांनी लिहून घ्या.

आधी कागद. झेरॉक्स नको, मोबाइलवरचा फोटो नको. मूळ आरसी बघा आणि तीच माहिती परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर घालून पडताळा. आरसीवर या गोष्टी वाचा: बनल्याचा महिना व वर्ष, रजिस्ट्रेशनची तारीख, इंजिन किती सीसीचं, इंधन कोणतं, मॉडेलचं नाव, बीएस-४ की बीएस-६, आसनं किती, रंग कोणता, मालकाचा अनुक्रमांक किती. तो अनुक्रमांक ३ असेल आणि डीलर "एकच मालक" म्हणत असेल, तर पुढचं काही ऐकायची गरज नाही.

सीसी का बघायचं? एकाच नावाच्या गाडीत दोन इंजिनं असतात. २०१९ साली नवी वॅगन आर आली तेव्हा व्हीएक्सआय हेच व्हेरियंट ९९८ सीसीमध्येही होतं आणि ११९७ सीसीमध्येही होतं. नुसतं "व्हीएक्सआय आहे" म्हटल्याने इंजिन कळत नाही. आणि किमतीत फरक पडतो.

बनल्याचं वर्ष का बघायचं? खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षांचं असतं, पण बाजारात किंमत ठरते ती गाडी कधी बनली त्यावरूनही. शोरूममध्ये वर्षभर पडून राहिलेली गाडी उशिरा नोंदली जाते आणि विकताना एक वर्ष तरुण होते.

आरसीवर हायपोथिकेशन, म्हणजे बँकेचा बोजा आहे का तेही तिथेच दिसतं. असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय, आणि आरसीवरून बोजा उतरल्याशिवाय, पूर्ण पैसे देऊ नका. "दोन दिवसांत होऊन जाईल" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. ई-चलन थकलं आहे का हे नंबर घालून बघता येतं. गाडी चोरीची आहे का हे राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या वाहन समन्वय सेवेत तपासता येतं.

मग मागची विमा पॉलिसी मागा. तिच्यावर व्हेरियंट आणि सीसी लिहिलेलं असतं. शिवाय नो क्लेम बोनस बघा. एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, आणि सलग पाच वर्षं नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत तो चढत जातो. सहा वर्षांच्या गाडीचा बोनस शून्य असेल तर विचारा का. क्लेम झाला असेल, मालक बदलला असेल, किंवा पॉलिसी मध्येच खंडित झाली असेल. उत्तर काहीही असो, ते आपल्याला माहीत हवं. आणि हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो आपल्याला मिळत नाही, म्हणून डीलरने त्याचा हिशेब किमतीत धरला असेल तर काढून टाकायला सांगा.

आरएमएसच्या सॉर्टरने काय केलं

आता कागद आणि उभी गाडी जुळवायची. ती चासी नंबरने. हा १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं येत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. गाडीच्या पत्र्यावर तो ठोकलेला असतो, कुठे बॉनेटखाली, कुठे सीटखाली. जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. बहुतेक कंपन्या त्यातच बनल्याचा महिना आणि वर्ष खुणेने लिहितात.

आमच्या ओळखीचा आरएमएसमधला एक सॉर्टर सीएनजीची गाडी बघायला गेला. रजिस्टर्ड पत्रांची यादी जशी एक माणूस वाचतो आणि दुसरा टिक करतो, तसं त्याने केलं. मुलाला आरसी घेऊन उभं केलं, स्वतः टॉर्च घेऊन वाकला आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. चासी नंबर जुळला, इंजिन नंबर जुळला. मग इंधनाच्या रकान्यावर मुलगा थांबला. आरसीवर नुसतं "पेट्रोल" होतं आणि डिकीत सीएनजीची टाकी! बाहेरून बसवलेलं किट, आरटीओत नोंद नाही, विम्यात नोंद नाही. अशा गाडीला आग लागली तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. शिवाय सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट लागते, तिचंही सर्टिफिकेट नव्हतं. डीलर म्हणाला, "सगळे असंच चालवतात." सॉर्टर म्हणाला, "यादीत नाही ते पत्र मी घेत नाही." आणि निघून आला. त्याने टोकन दिलेलं नव्हतं, म्हणून निघता आलं. हे लक्षात ठेवा. तपासणीआधी टोकन देऊ नका. पाच हजार अडकले की माणूस पुढचे तीन लाख त्यांच्यामागे घालतो.

उभी गाडी

मागच्या दारावरची अक्षरं बाजारात सुटी मिळतात. स्टिअरिंगचं कव्हर मिळतं, अलॉय व्हील मिळतात, टचस्क्रीन मिळतो. यातलं काहीच व्हेरियंटचा पुरावा नाही. पुरावा हवा तर चासी नंबर घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला मालकासह जा. मूळ व्हेरियंट आणि सर्व्हिसची नोंद तिथे मिळते.

एअरबॅगचं माझ्याकडून शिका. २०१९ च्या १ जुलैपासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग नव्या मॉडेलांना एप्रिल २०२१ पासून आणि आधीपासून चालू मॉडेलांना २०२१ सालच्या शेवटापासून सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीत खालच्या व्हेरियंटला ती असेलच असं नाही. चावी फिरवल्यावर मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागूनच राहिला तर बिघाड आहे. मुळीच लागला नाही तर कुणीतरी दिवाच काढला आहे किंवा एअरबॅगच नाही. अपघातात एकदा उघडलेली एअरबॅग परत न बसवता वरून झाकण लावून विकलेल्या गाड्याही असतात. म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून बघा. त्याला जे काही पैसे पडतील ते दाताच्या डॉक्टरपेक्षा कमीच आहेत. अँटीलॉक ब्रेकचंही तसंच. आधीपासून चालू मॉडेलांना ते २०१९ च्या एप्रिलपासून सक्तीचे झाले. त्याआधीची गाडी असेल तर विचारून आणि दिवा बघून खात्री करा.

किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, काट्याच्या मीटरमध्येही आणि डिजिटलमध्येही. म्हणून आकड्यावर न जाता झीज बघा. क्लचचं रबर, स्टिअरिंगची चकाकी, चालकाच्या सीटची कड. टायरवर चार आकडे असतात. "२३१९" असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. गाडी म्हणे तीस हजार किलोमीटर चाललेली, मग चारही टायर गाडीपेक्षा तीन वर्षांनी नवे का? काचांवरही कंपनीची खूण आणि वर्ष असतं. पाच काचा एका वर्षाच्या आणि एक वेगळी असेल तर त्या बाजूचा पत्रा नीट बघा.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी धुऊन दूरच्या राज्यात विकली जाते. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीला पूर आला, २०२३ साली चेन्नईला आला. तिथल्या बुडालेल्या गाड्या कुठेतरी गेल्याच असतील. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा, चिखलाची रेघ दिसते. स्टेपनीखालचा खड्डा आणि सीटच्या पट्ट्या-रुळांचा गंज बघा. हे आपल्या वॅगनवाल्यांना शिकवायला नको.

परराज्यातली पासिंग

आपण बदलीवाली माणसं. आज इटारसी, उद्या भुसावळ, परवा सिकंदराबाद. म्हणून दुसऱ्या राज्यातली गाडी स्वस्त दिसली की हिशेब पुरा करा. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली की तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. मूळ आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागतं आणि नव्या राज्याचा रोड टॅक्स भरावा लागतो. जुन्या राज्याकडून परतावा मागता येतो, पण तो आपल्याला मागावा लागतो, घरी चालत येत नाही.

दिल्लीकडच्या डिझेल गाड्यांचं उदाहरण घ्या. हरित लवादाने २०१५ साली तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षं ही मर्यादा उचलून धरली. २०२५ साली त्यात पुन्हा फेरबदल झाले. पण तोवर तिथल्या गाड्या कमी किमतीत बाकीच्या राज्यांत जात राहिल्या. गाडी चांगली असू शकते. पण दुकानातली किंमत अधिक टॅक्स अधिक धावपळ, एवढी बेरीज करून मगच ती स्वस्त आहे का ते ठरवा. बीएच मालिकेची गाडी असेल तर तिचा कर टप्प्याटप्प्याने भरलेला असतो. तो कुठल्या तारखेपर्यंत भरला आहे ते बघा.

डीलरकडून लिहून घ्या

सगळे डीलर लबाड असतात असं मी म्हणणार नाही. आपल्यातलेही काही जण स्वतःची गाडी विकताना अपघात लपवतात, हे मला माहीत आहे. म्हणून माणूस बघू नका, कागद मागा.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. त्याप्रमाणे नोंदणीकृत जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते फॉर्म २९ बी मध्ये असतं. मूळ मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९ सी मध्ये आरटीओला जाते. हे दोन्ही दाखवा म्हणा. दाखवले नाहीत तर आपण कुणाशी व्यवहार करतो आहोत तेच आपल्याला माहीत नाही.

माझ्या पावतीवर काय लिहिलं होतं ठाऊक आहे? "एक जुनी गाडी, आहे तशी." बस्स. वकिलाने ती पावती बघून मान हलवली. तुमच्या पावतीवर मॉडेल, व्हेरियंट, बनल्याचा महिना-वर्ष, सीसी, इंधन, एअरबॅग किती, किलोमीटर किती, अपघात झाला का, कितवा मालक, हे सगळं लिहून सही-शिक्का घ्या. डीलरची जाहिरात आणि मोबाइलवरचे निरोप पुसू नका. जो डीलर खरं बोलतो त्याला लिहायला पाच मिनिटं लागतात. जो लिहायला नाही म्हणतो त्याने तुम्हाला उत्तर दिलेलं आहे.

एवढं लेखी असेल आणि तरी फसवणूक झाली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, डीलरच्या गावी जावं लागत नाही. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

घेतल्यानंतर

गाडी घरी आली म्हणजे काम संपलं नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून ३० दिवसांच्या आत आपलं नाव आरसीवर चढवायला अर्ज करा. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला द्या. आणि एक गोष्ट, जी कुठलाही डीलर सांगणार नाही. आपण सरकारी नोकर आहोत. रेल्वेत १९६६ चे वर्तणूक नियम, टपालात १९६४ चे. दोन्हींच्या नियम १८ प्रमाणे दोन महिन्यांच्या मूळ पगाराहून जास्त किमतीची जंगम वस्तू घेतली तर एका महिन्यात कार्यालयाला लेखी कळवायचं असतं. मोटार त्यात येते. गाडी चांगली निघाली आणि चार्जशीट हातात आली, असं होऊ देऊ नका.

शेवटी एक सूचना

बंधू-भगिनींनो, मी जे सांगितलं ते सगळं पाठ होणार नाही. म्हणून मी एक पानाचं तपासणी पत्रक तयार केलं आहे. डाव्या रकान्यात डीलर काय म्हणतो, मधल्यात कागद काय म्हणतो, उजव्यात गाडी काय म्हणते. खाली दोन सह्या, एक घेणाऱ्याची आणि एक सोबत गेलेल्या माणसाची. एकट्याने गाडी बघायला जायचं नाही. एकट्या माणसाला रंग दिसतो, दुसऱ्याला गंज दिसतो.

हे पत्रक युनियन ऑफिसात ठेवतो आहे. माझी सूचना अशी की जुन्या गाडीसाठी कर्ज मागणाऱ्या सभासदाने ते भरून अर्जाला जोडावं आणि आपल्या पतपेढीने ते बघूनच रक्कम मंजूर करावी. कुणाला त्रास द्यायचा म्हणून नाही. वॅगन अडवणारा टीएक्सआरही कुणाला त्रास देत नसतो.

आमच्या सौ. आता बऱ्या आहेत. पाच महिन्यांपूर्वी आम्ही दुसरी जुनी गाडी घेतली. या वेळी पत्रक त्यांनीच हातात धरलं होतं आणि मी बॉनेटखाली वाकलो होतो. एअरबॅगचा दिवा लागून विझेपर्यंत त्या गाडीत बसल्या नाहीत. विझल्यावर म्हणाल्या, "आता लिहा, दोन आहेत." मी लिहिलं आणि डीलरला म्हणालो, आता तुम्ही सही करा.